धाररावाचं तेल

"अरे धर की तिकडनं. बघत काय बसलायस?"

विद्याश्री असं म्हणाली तसा गुंडू उंबऱ्यावरून उठला, दोन पावलं आत आला आणि पुन्हा घुटमळला. पैलवानी अंगाचा माणूस, पण आजारी चुलतीला कुठं हात लावायचा हे त्याला कळेना. शेवटी त्यानं डोळे छताकडे लावून चादरीचं टोक धरलं. विद्याश्रीनं एक हात आईच्या खांद्याखाली, दुसरा कमरेखाली घातला आणि तिला कुशीवर वळवलं. पाठीवरची लाल झालेली जागा बघितली, तळहातावर खोबरेल घेऊन अलगद चोळलं, जुन्या लुगड्याची घडी पाठीमागं सारली आणि हात पुसले. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तिची बरीच वर्षं गेली होती, त्यामुळे हे सगळं तिचे हातच करत. ती स्वतः त्यात नसायची.

"गुंड्या," भिंतीकडे तोंड करून नीलम्मा बोलली. तिची डावी बाजू गेली होती, जीभ मात्र जागच्या जागी होती. "पुस्तकाचं इचारायला आलाईस न्हवं? मग त्वांड उघड की."

गुंडू कोरळगीचा. कोरळगी म्हणजे कागलच्या पुढे, सीमेला चिकटलेलं गाव. निम्मी माणसं कानडीत भांडतात आणि मराठीत समेट करतात, असा प्रकार. विद्याश्रीच्या वडिलांचं, चन्नाप्पांचं, घर तिथलंच. आता तिथं गुंडूचं कुटुंब राहत होतं, आणि मायलेकी इकडे कसबा बावड्यात, साखर कारखान्याच्या मळीच्या वासात दोन खोल्या करून होत्या.

"हंबीररावांनी धाडलंय," गुंडू म्हणाला. "चौथरा बांधून झालाय. पुतळा आला की बसवायचा. पर त्याच्या आदी त्ये पुस्तक कमिटीला पायजे म्हणत्यात. परवा पेपरात कुणीतरी लिवलं की कोरळगीच्या इतिहासाची एक प्रत अजून शिल्लक हाय. झालं, गावात नुसता धुरळा."

"आणि न्हाई दिलं तर?"

"अक्का, मारझोड काय करनार न्हाईत. तसली मानसं न्हवंत ती." गुंडूनं खाली बघितलं. "यायची न्हाईत, एवढंच. काकीचं काय बरंवाईट झालं तर गाव यायचं न्हाई. दिलं तर समदं गाव येतंय. हंबीरराव सवता खांदा देतो म्हनलाय."

नीलम्मा पाठमोरीच होती. पण विद्याश्रीचा हात तिच्या दंडावर होता, आणि त्या दंडातून काहीतरी सरसरून गेलेलं तिला कळलं.

आता हे पुस्तक काय होतं ते सांगायला हवं. कोरळगीत धारराव नाईकाची कथा रांगतं पोरसुद्धा सांगू शकतं. गावावर धाड आली तेव्हा धाररावानं एकट्यानं वेस धरली, त्याचं मुंडकं वेशीत पडलं आणि धड तलवार फिरवत ओढ्यापर्यंत लढत गेलं. ओढ्याकाठी त्याची समाधी आहे, चैत्रात जत्रा भरते, बोकडं कापली जातात. विद्याश्रीचे आजोबा शिवलिंगाप्पा गावच्या शाळेत मास्तर होते. त्यांना कुठून अवदसा आठवली कोण जाणे. त्यांनी जुने कागद धुंडाळले, स्वातंत्र्याच्या आधी पदरमोड करून 'कोरळगीचा इतिहास' छापला आणि त्यात लिहिलं की धारराव वेशीत पडला नाही. गावातली बायकापोरं उपाशी मरायला लागली तेव्हा त्यानंच वेस उघडून दिली. शत्रूनं त्याचा पाय मोडून त्याला सोडून दिलं. पुढं तो पुष्कळ वर्षं जगला आणि म्हातारा होऊन खाटेवर मेला.

गावानं चावडीपुढे प्रती पेटवल्या. मास्तरांशी बोलणं सोडलं. दोन वर्षांनी मास्तर वारले तेव्हा एक माणूस दारात आलं नाही. लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, फुलांच्या मखरातून मिरवत नेतात, भजन म्हणतात आणि तसंच बसलेलं मातीत ठेवतात. त्याला माणसं लागतात. मास्तरांच्या बायकोनं आणि मिसरूड न फुटलेल्या चन्नाप्पानं त्यांना बैलगाडीत बसवून, पडू नयेत म्हणून दोरीनं बांधून, आपल्याच वावरात नेलं आणि खड्डाही दोघांनीच काढला.

वाचलेली एक प्रत नीलम्माच्या सासूनं लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवली. दर दसऱ्याला फडकं सोडायचं, पुस्तकाला हळदकुंकू वाहायचं, पुन्हा बांधायचं. वाचायचं कुणीच नाही. चन्नाप्पांकडे गावानं ते दोनदा मागितलं, त्यांनी दोनदा "वडलांचं हाय, न्हाई देनार" म्हटलं. ते वारले तेव्हाही भाऊबंद सोडून गाव फिरकलं नाही. प्रत्येकाला त्या दिवशी नेमकं काम निघालं होतं.

"तुझ्या अप्पाच्या दिवसाला भाताची पातेली तशीच ऱ्हायली," गुंडू गेल्यावर नीलम्मा म्हणाली. "म्हशींनी खाल्ला भात."

"म्हाईत हाय, अव्वा."

"तुला म्हाईत हाय, पर तू ढवळला नव्हतास त्यो. मी ढवळलाता." थोडा वेळ ती श्वास घेत राहिली. "मला तुझ्या अप्पाशेजारीच ठेव. आनि मानसं येऊ देत. मानसं आली पायजेत, विद्या."

"देऊया की मग पुस्तक."

"तुझं हाय. तुझ्या अप्पानं तुला दिलंय. मी दे म्हणनार न्हाई." आणि मग, जरा वेळानं, "पर मानसं आली पायजेत."

विद्याश्रीला यावर काही वाटायला हवं होतं. चीड, निदान ओझं. पण अलीकडे तिला काही वाटायचंच बंद झालं होतं. वॉर्डात कुणी गेलं की ती पडदा ओढायची, नातेवाइकांना पाणी द्यायची आणि पुढच्या खाटेकडे वळायची. सुरुवातीला घरी येऊन रडायची, ते कधी थांबलं हेही तिला आठवत नव्हतं. बदलीच्या मुली तिला कडक म्हणायच्या. कडक नव्हती बिचारी, नुसती बधिर होती.

दुसऱ्या दिवशी अभिराम आला. हा कॉलेजात इतिहास शिकवायचा आणि पेपरातला तो लेख त्याचाच. लेखानं एवढं रामायण होईल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि तसं त्यानं आल्या आल्या सांगूनही टाकलं.

"सिस्टर, निदान झेरॉक्स काढू द्या," तो म्हणाला. "एका दुपारचं काम आहे. मूळ प्रत तुम्ही खुशाल द्या त्यांना."

"लिंगावर हात ठेवून सांगायचंय मला. दुसरी प्रत नाही म्हणून." गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या करंडीला तिनं नकळत हात लावला. गुंडूनं जाता जाता ही अट सांगितली होती.

"मग देऊच नका. एकदा गेलं की गेलं ते. तुमच्या आजोबांनी जे कागद बघितले, तेही आता कुठं नाहीत."

"माझ्या आईला उचलायला तुम्ही येणार?"

अभिरामनं प्रामाणिकपणे विचार केला. "येईन," तो म्हणाला. "पण मी एकटाच असेन."

तिला तो माणूस आवडला. तिनं त्याला चहा दिला, आणि पुस्तक न दाखवताच वाटेला लावलं.

त्या संध्याकाळी मात्र तिनं फडकं सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा. कव्हरावर इतक्या वर्षांच्या हळदकुंकवाचा थर बसला होता, पानं बोट लावताच कडेनं तुटत होती. बरंचसं पुस्तक कंटाळवाणं होतं. विहिरी कुणी बांधल्या, पाणंद कुणाच्या शेतातून गेली, पटकी कुठल्या साली आली. आज्जानं धाररावाला शिव्या दिल्या असतील अशी तिची समजूत होती. तसं काही नव्हतं. एके ठिकाणी असं होतं:

'शेवटची दोन वर्षे धारराव अंथरुणास खिळला होता. पाठीस जखमा पडू नयेत म्हणून त्याची स्त्री चिमणाबाई त्यास दिवसरात्र या कुशीवरून त्या कुशीवर वळवीत असे. घरचे तेल सरले तेव्हा ती घरोघर जाऊन तेल व मऊ जुनी लुगडी मागून आणी. गावातील एकाही घराने तिला रिकाम्या हाती पाठविले नाही. ज्याने वेस उघडून आपणांस वाचविले त्याचे ऋण गाव तेव्हा विसरला नव्हता.'

तिनं तो मजकूर पुन्हा वाचला. मग बाजूला बघितलं. अव्वाला वळवायची वेळ झाली होती. तिनं पुस्तक मिटलं, तळहातावर तेल घेतलं.

रविवारी शेजारच्या तानाबाईला आईजवळ बसवून ती कोरळगीला गेली. चावडीतल्या खोलीत कमिटीची माणसं सतरंजीवर बसली होती. हंबीरराव अध्यक्ष. पांढऱ्या मिशांचा, मोठ्या आवाजाचा, पण वागायला रीतभात असलेला माणूस. त्यानं तिच्यासाठी खुर्ची मागवली, चहा मागवला, आईची चौकशी केली. ती लाल फडक्याची गाठ मांडीवर घेऊन बसली.

"उघडून बगा की," मागून एकजण म्हणाला. "तेच हाय का दुसरंच काय बांधून आनलंय!"

हंबीररावानं गाठ सोडली. वर हळदकुंकू बघून तो दचकला. आपसूक मांडी सावरून त्यानं पुस्तकाला बोटं लावली आणि ती कपाळाला लावली. खोलीतली दोनचार माणसं चुळबुळली. जे पुस्तक त्यांच्या आज्जांनी पेटवलं, त्याला मास्तरांच्या घरात इतकी वर्षं फुलं पडत होती, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"सिस्टर, चष्मा घरी ऱ्हायला. त्ये खाटेवर मेल्याचं कुठं लिवलंय तेवढं वाचून दावा. खात्री झाली म्हंजे झालं."

विद्याश्रीनं पान काढलं आणि वाचलं. ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची हकिगत सांगावी त्या आवाजात. पाठीच्या जखमा, कूस, तेल, लुगडी. 'एकाही घराने तिला रिकाम्या हाती पाठविले नाही' इथवर ती आली आणि हंबीररावानं हात वर केला.

"बास."

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर फटफट करत गेला.

"आमच्या घराचं नाव हाय का त्यात?" हंबीररावानं विचारलं. "तेल दिलेल्यात?"

"नावं न्हाईत. सगळी घरं म्हटलंय."

"हं." त्यानं पुस्तक मिटलं. क्षणभर तिला वाटलं, हा माणूस आता काहीतरी बोलेल. पण खोलीत कमिटी बसली होती, अंगणात चौथरा उभा होता, पुतळ्याच्या हातातली तलवार केव्हाच ओतून झाली होती. "हात ठेवा, सिस्टर," तो म्हणाला.

तिनं करंडीवर हात ठेवला आणि दुसरी प्रत नाही म्हणून सांगितलं. ते खरंच होतं, त्यामुळं जड गेलं नाही.

"पेटवू या आत्ताच," मागचा म्हणाला.

"कोन पेटवतंय? तू?" हंबीरराव वळला. "हळदकुकू लागलंय त्येला. ही घे काडेपेटी."

काडेपेटी सतरंजीवर पडून राहिली. शेवटी ठरलं की पुस्तक चौथऱ्यातच घालायचं. मागच्या बाजूचा एक दगड अजून बसवायचा होता. गवंड्याला हाक मारली, फडक्यासकट पुस्तक पोकळीत ठेवलं, आणि त्यानं वर सिमेंट लिंपून दगड दाबला. विद्याश्री तिथंच उभी होती. आजोबांचं, अप्पांचं, आणि आता तिचं असं जे काही होतं, ते सिमेंटखाली गेलं. तिनं स्वतःच्या आत डोकावून बघितलं, काही दुखतंय का. काही नाही. एसटी गाठायची होती.

घरी आल्यावर तिनं आईला सांगितलं. नीलम्मानं चांगला हात पुढं करून तिचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. "आता भात जास्तीचा टाकायला सांग," एवढंच म्हणाली.

पौषात एका सकाळी कारखान्याचा भोंगा झाला आणि विद्याश्री आईला वळवायला गेली तेव्हा नीलम्मा गेलेली होती. अंग अजून कोमट होतं. विद्याश्रीनं डोळे मिटवले, हनुवटीला पट्टी बांधली, पाय सरळ ओढून अंगठे जुळवले आणि त्यांना बांधायला दोरा घेतला. तेवढ्यात तानाबाई धावत आली.

"अगं बये, काय करतीस? बसवायचंय न्हवं म्हातारीला?"

विद्याश्री हातातल्या दोऱ्याकडे बघत राहिली. वॉर्डात सगळ्यांना असंच आडवं करून ठेवायची सवय. आपल्या आईला बसवायचं आहे, तेही अंग कडक व्हायच्या आत, हे ती साफ विसरली होती. दोघींनी मिळून पाय पुन्हा दुमडले, मांडी घातली, पाठीला भिंत दिली. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं. बसलेली नीलम्मा फार दिवसांनी घरातली मालकीण दिसू लागली.

गाव आलं. हंबीररावानं शब्द पाळला. ट्रॉलीवर मखर बांधून आणलं होतं, शेवंतीची फुलं, भजनी मंडळ, टाळ, हलगी. कोरळगीच्या वेशीत मखर ट्रॉलीवरून खांद्यावर घेतलं आणि मुख्य रस्त्यानं, सगळ्या घरांसमोरून नीलम्मा ताठ बसून गेली. बायका दारातून येऊन विभूती लावत होत्या. हंबीररावानं खांदा दिला आणि घामाघूम झाला तरी बदलू दिला नाही. चन्नाप्पांच्या शेजारी तिला ठेवलं, आणि बेल टाकायला एवढे हात पुढे आले की खड्ड्यातलं काही दिसेना. दिवसाच्या जेवणाला भात कमी पडला. दुसरं पातेलं चढवावं लागलं.

सगळे म्हणाले, लेक लई घट्ट मनाची. डोळ्याला पाणी न्हाई. विद्याश्री वाढपात होती. अव्वानं हे बघायला पाहिजे होतं, असं तिला वाटलं. वाटलं म्हणजे, तसा एक विचार येऊन गेला.

चैत्रात जत्रेला पुतळ्याचं उद्घाटन होतं आणि हंबीररावाचं आग्रहाचं निमंत्रण. त्याआधी तिनं घर आवरायला काढलं. आजारपणासाठी आणलेली खाट परत द्यायची होती. खाटेखाली टोपलीत अव्वाची जुनी लुगडी निघाली, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली, अंगाखाली घालायची. आणि अर्धी उरलेली खोबरेलाची बाटली. टाकवेना, ठेववेना. तिनं ते सगळं पिशवीत घातलं आणि ती पिशवी घेऊनच एसटीत बसली.

पुतळा झोकात होता. घोड्याचे पुढचे पाय हवेत, तलवार आभाळात. पुढच्या बाजूला हारांचा ढीग, माईक, फटाके. विद्याश्री गर्दीतून वाट काढत चौथऱ्याच्या मागं गेली. तिथं कुणी नव्हतं. सिमेंटचा तो ताजा दगड बाकीच्यांपेक्षा पांढुरका दिसत होता. तिनं अव्वाच्या एका लुगड्याची घडी त्याच्या पायाशी ठेवली. बाटलीतलं तेल तळहातावर घेतलं आणि दगडाला चोळलं. अलगद, गोल गोल, जखमेच्या कडेकडेनं फिरवावं तसं. दगड तापला होता. चोळता चोळता तिच्या लक्षात आलं की आपला श्वास नीट लागत नाही आणि गाल ओले झाले आहेत.

"काय गं वाहिलंस?" एक म्हातारी काठी टेकत मागं आली होती.

"तेल," विद्याश्री म्हणाली. "पाठीला."

"कुनाच्या?"

"धाररावांच्या."

म्हातारीनं तिच्याकडे बघितलं, दगडाकडे बघितलं. तिची स्वतःची पाठ पार वाकलेली होती. तिनं काठी कडेला लावली, तेलाच्या दगडाला बोट लावलं आणि ते बोट आपल्या कमरेला पुसलं. मग पुढं फटाके वाजायला लागले.

त्यानंतर बरीच वर्षं विद्याश्रीचं कोरळगीला जाणं झालं नाही. निवृत्त झाल्यावर एकदा आईवडिलांच्या समाध्यांना चुना काढायला म्हणून ती गेली आणि परतताना एसटीला वेळ होता म्हणून पुतळ्यापाशी टेकली. हंबीरराव आता राहिला नव्हता. घोड्याचा रंग उडाला होता, तलवारीवर कावळा बसला होता. पुढच्या बाजूला एक वाळकी माळ. ती उठून मागं गेली.

मागचा दगड काळाभोर झाला होता. तेल मुरून मुरून त्याला आरशासारखी लकाकी आली होती. खाली पणत्या, वाट्या, आणि बाजूच्या कठड्यावर जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांच्या घड्या. कडेवर पोर घेतलेली एक सून दगडाला तेल लावत होती.

"पावणं, तुमीबी लावा की," ती वाटी पुढे करून म्हणाली. "पाठदुखीला लई गुन हाय. घरात कुनी अंथरुनाला खिळलं असलं तर हितलं लुगडं न्यायचं, त्येच्या पाठीखाली घालायचं. जखमा व्हत न्हाईत."

"असं का हो?"

"काय म्हाईत. लई जुनी रीत हाय. धाररावाच्या येळेपास्नंची." सुनेनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आमच्या गावात तेल मागाय आलेल्याला कुनी रिकामं धाडत न्हाई."

विद्याश्रीनं वाटीतलं तेल तळहातावर घेतलं. दोन्ही हात एकमेकांवर चोळून ऊन केले, आणि मग दगडाला लावले.